फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पोट बिघडतं तेव्हा: घरच्यांसाठी

फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेला आहे अशा घरात गेलं की सगळ्यांचे डोळे श्वासाकडे लागलेले दिसतात. बोटाला ऑक्सिमीटर, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, उशाशी खोकल्याच्या बाटल्या. पोटाचं कुणी विचारत नाही आणि पेशंटही आपणहून सांगत नाही. सुनेला किंवा मुलीला "मला चार दिवस झाली नाही" हे सांगायचं आबांच्या जिवावर येतं. मग रात्री फोन येतो, "सिस्टर, पोट नुसतं फुगलंय, काय देऊ?"

मी पुण्यात आणि आसपास, सासवड-भोरपर्यंत, घरोघरी जाऊन अशा पेशंटची काळजी घेणारी नर्स आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास हलका करणारी काळजी, म्हणतात या कामाला. मुलगा, सून, बायको, बहीण, घरात औषधांचा डबा जो कोणी सांभाळतो त्याच्यासाठी हे लिहिते आहे. मला एकच गोष्ट त्याच्या मनावर ठसवायची आहे. "होत नाही" ही तक्रार अनेक वेगवेगळ्या कारणांनी येते, आणि "जुलाब होतात" हीसुद्धा. कारण ओळखल्याशिवाय ना पोट साफ व्हायचं औषध द्यायचं, ना जुलाब थांबवायचं. एका कारणात ज्याने उतार पडतो, तेच औषध दुसऱ्या कारणात जिवावर बेतू शकतं.

आधी एक वही करा

शाळेची साधी वही चालेल. रोज एक ओळ: तारीख, शौचाला किती वेळा झालं, खडे की मऊ की पाण्यासारखं, रंग कसा, वारा सरतो का, उलटी झाली का, आणि त्या दिवशी कुठलं औषध नवीन सुरू झालं किंवा वाढलं. शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगाचा आहे, आणि नेमका तोच रिकामा सापडतो.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. "पोट साफ झालं ना?" असं विचारलं की म्हातारी माणसं "हो" म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी "आज किती वाजता गेला होतात? कुंथावं लागलं का? खडे होते का?" असं विचारा. आजाराआधी त्यांची सवय कशी होती तेही लिहून ठेवा. कुणाला रोज सकाळी चहानंतर होतं, कुणाला एक दिवसाआड. फरक त्या सवयीशी ताडून पाहायचा असतो.

"काही खातच नाहीत, तर होणार कुठून?" हे वाक्य मला जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. जेवण अगदी कमी असलं तरी आतड्याच्या झडणाऱ्या पेशी, जंतू आणि पाचक रस यांचा मळ तयार होतच राहतो. म्हणून तीन दिवस शौचाला झालं नाही तर चौथ्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा नर्सला कळवायचं.

सगळ्यात जास्त दिसणारं: औषधांमुळे झालेला बद्धकोष्ठ

वेदना आणि दम यांवर दिलं जाणारं मॉर्फिन आतड्याची हालचाल मंद करतं आणि मळातलं पाणी शोषलं जायला जास्त वेळ देतं. गुंगी, मळमळ हे त्रास काही दिवसांत शरीर अंगवळणी पाडून घेतं, पण मॉर्फिनचा बद्धकोष्ठ कधीच अंगवळणी पडत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीसोबतच पोट साफ ठेवण्याचं औषध सुरू व्हायला हवं आणि मॉर्फिन चालू आहे तोवर ते चालू राहायला हवं. चिठ्ठीवर ते दिसलं नाही तर त्याच वेळी डॉक्टरांना विचारा. वेदनेवरच्याच ट्रॅमाडॉलचंही तसंच. फुप्फुसाच्या पेशंटमध्ये आणखी एक लपलेलं कारण असतं, ते म्हणजे कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप. लोक त्याला "साधं कफ सिरप" समजतात. कोडीन शरीरात गेल्यावर त्याचंच काही प्रमाणात मॉर्फिन होतं, आणि पोट धरून ठेवण्यात ते मागे नसतं. केमोनंतरच्या उलटीसाठीचं ऑन्डॅनसेट्रॉन, लोहाच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं, यांचीही भर पडते.

बद्धकोष्ठ झाला म्हणून मॉर्फिन बंद करू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. भारतात मॉर्फिन मिळणं किती अवघड होतं ते आम्ही पाहिलं आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यात बदल झाला, नियम सुटसुटीत झाले, तेव्हा कुठे मान्यताप्राप्त रुग्णालयांतून ते थोडं सहज मिळू लागलं. वेदना आणि दम दोन्ही हलके करणारं औषध पोटाच्या भीतीने सोडून देणं म्हणजे पेशंटवर अन्याय आहे. पोटाला वेगळा उपाय आहे.

उपाय दोन प्रकारचे लागतात: आतड्याला हलवणारा आणि मळ मऊ करणारा. हलवणाऱ्यांत बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी किंवा सोनामुखीपासून केलेल्या सेनाच्या गोळ्या येतात. रात्री एक किंवा दोन घेतल्या की सकाळी परिणाम दिसतो. बिसाकोडिल दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत देऊ नका. तिच्यावरचं आवरण पोटातच विरघळतं आणि मुरडा येतो. गोळी चावायची किंवा कुटायची नाही. मऊ करणाऱ्यांत लॅक्ट्युलोज सिरप येतं, साधारण १५ ते ३० मिलिलीटर, किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पुडी पाण्यात ढवळून. लॅक्ट्युलोजने काहींना गॅस फार होतो. फुगलेलं पोट छातीच्या पडद्याला वर ढकलतं आणि आधीच दम लागणाऱ्या माणसाला ते सोसत नाही, म्हणून अशांना मी डॉक्टरांकडून पुडी लिहून घ्यायला सांगते. डोस कमी-जास्त कसा करायचा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या: दोन दिवस झालं नाही तर किती वाढवायचं, पातळ झालं तर किती कमी करायचं. पातळ झालं म्हणून औषध पूर्ण थांबवलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच चक्र.

आता घरगुती उपायांचं. इसबगोल चांगलं आहे, पण ते भरपूर पाणी पिणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या माणसासाठी. दिवसभरात जेमतेम चार-पाच कप पाणी घेणाऱ्या, मॉर्फिनवरच्या पेशंटच्या आतड्यात त्याचा घट्ट गोळा होऊन बसतो. एरंडेल देऊ नका. त्याने मुरडा फार येतो, पाणी फार जातं आणि अशक्त माणूस आणखी खचतो. त्रिफळा आधीपासून घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. लिक्विड पॅराफिन असलेली पांढरी दाट औषधं घरात असतातच. ज्याला गिळताना ठसका लागतो त्याला ती अजिबात नकोत. त्यातलं तेल श्वासनलिकेत उतरलं तर वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो, आणि फुप्फुसाच्या पेशंटला तो परवडणारा नाही. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने मूत्रपिंडावर ताण आलेला असेल तर मॅग्नेशियावाली औषधंही विचारल्याशिवाय नकोत.

एका घरात सासूबाई रोज रात्री नातवाकडून एरंडेल मागवत होत्या, कारण त्यांच्या माहेरी सगळ्यांना त्यानेच बरं वाटायचं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना रात्री झोपताना कोमट पाणी आणि सकाळी मनुकांचं पाणी द्यायचं काम सोपवलं आणि गोळ्यांची वेळ सुनेकडे. दोन्ही झालं, आणि घरातला गोडवाही टिकला.

शौचाला बसवणं: दम लागणाऱ्या माणसासाठी

यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. कुंथताना माणूस श्वास रोखतो. ज्याचं ऑक्सिजन आधीच काठावर आहे, तो दोन मिनिटांत काळानिळा पडतो, घाबरतो आणि पुढच्या वेळी लागली तरी दाबून ठेवतो. बद्धकोष्ठ असाही वाढतो.

संडास लांब असेल तर कमोड खुर्ची आणा. मेडिकल साहित्याच्या दुकानांत ती भाड्यानेही मिळते. पलंगाशेजारी ठेवा, ऑक्सिजनची नळी तिथपर्यंत पोचते का आधी पाहा. नळी काढून "पटकन जाऊन या" असं सांगू नका. पायाखाली वीतभर उंचीचा पाट किंवा लाकडी चौरंग ठेवा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कमी जोरात काम होतं. समोर स्टूलवर उशी ठेवा, तिच्यावर हात टेकवून पुढे झुकता येतं, दमही कमी लागतो. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत जोर द्यायला शिकवा. दमासाठी मॉर्फिनचा जास्तीचा डोस लिहून दिलेला असेल, तर तो साधारण अर्धा तास आधी देता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

वेळ सकाळची, चहा किंवा नाश्त्यानंतरची. पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. आणि पडदा लावा. एका खोलीच्या घरात साडी बांधून आडोसा केला तरी चालतो. टीव्ही लावा, आवाजाची लाज कमी होते. सगळ्यांनी दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहावं. कितीतरी पेशंटचा बद्धकोष्ठ एवढ्याने अर्धा सुटलेला मी पाहिला आहे.

औषधं देऊनही होत नसेल तर बत्ती लावावी लागते, म्हणजे सपोझिटरी. हे घरी करता येतं, पण आधी विचारायचं: केमो नुकतीच झाली आहे का, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आहेत का, शौचातून रक्त येतं का? यातलं काहीही असेल तर गुदद्वारातून काहीही घालायचं नाही, ना बत्ती, ना एनिमा, ना थर्मामीटर. आतली नाजूक त्वचा खरचटली तर जंतू थेट रक्तात जातात. सगळं ठीक असेल तर पेशंटला डाव्या कुशीवर झोपवा, उजवा गुडघा पोटाशी घ्यायला सांगा, हातमोजे घाला, जेली लावा. ग्लिसरीनची बत्ती मळात गेली तरी चालते, पण बिसाकोडिलची बत्ती मळात खुपसली तर वाया जाते; ती आतल्या भिंतीला टेकली पाहिजे. बोटाने हळूच कडेला सरकवा. मग अर्धा तास पडून राहू द्या. खुर्ची आधीच जवळ आणून ठेवा, कारण लागली की थांबता येत नाही.

जुलाब दिसतो, पण असतो बद्धकोष्ठ

आठवडाभर शौचाला झालेलं नाही आणि अचानक पातळ, थोडं थोडं, कपड्यात नकळत होऊ लागलं, तर त्याला जुलाब समजू नका. खाली मळाचा कठीण गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ भाग त्याच्या कडेने झिरपतो. बंधाऱ्याच्या तोंडाशी दगड अडकला की कडेने पाणी पाझरतं, तसं. घरचे घाबरून जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देतात आणि गोळा आणखी घट्ट होतो. वही असेल तर हे लगेच ओळखता येतं: मागची पानं कोरी असतात. इथे नर्सने बोट घालून तपासावं लागतं, कधी एनिमा, कधी हाताने काढावं लागतं. त्याआधी वेदनेचं औषध द्यायला सांगा. हे दुखतं आणि त्या माणसाला अपमानही वाटतो.

पोट साफ करण्याचं कुठलंही औषध द्यायचं नाही अशा वेळा

पहिली, आतड्यात अडथळा. ओळखायच्या खुणा अशा: पोट ढोलासारखं फुगतं, थांबून थांबून कळा येतात, वारासुद्धा सरत नाही, उलट्या होतात, आधी हिरव्या-पिवळ्या आणि मग तपकिरी, घाण वासाच्या. वारा सरणं बंद होणं, ही खूण मी घरच्यांकडून पाठ करून घेते. अशा वेळी बिसाकोडिल दिलं तर बंद दारावर आतडं धडका मारतं आणि फाटू शकतं. मळमळीसाठी घरात असलेलं मेटोक्लोप्रमाइडही आतडं जोरात हलवतं, तेही नको. तोंडाने खाणंपिणं थांबवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. पोटाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून कळतं.

फुप्फुसाचा कॅन्सर आतड्यात जातो का, हे मला नेहमी विचारतात. जातो, पण क्वचित. मेंदू, हाडं, यकृत, ॲड्रिनल ग्रंथी या त्याच्या नेहमीच्या जागा. आतड्यात पसरल्याचं पेशंट जिवंत असताना फार थोड्यांत, शंभरात एक-दोघांतच कळतं. मृत्यूनंतरच्या तपासणीच्या अभ्यासांत मात्र ते प्रमाण बरंच जास्त, काही ठिकाणी सुमारे दहा टक्के सापडलं आहे. म्हणजे अनेकांमध्ये ते असतं, पण त्रास देत नाही. त्रास झाला तर तो बहुतेक लहान आतड्यात होतो: अडथळा, आतून रक्त झिरपून हिमोग्लोबिन घसरत जाणं, किंवा आतड्याला भोक पडणं. पोटदुखी "गॅसची" म्हणून आठवडेच्या आठवडे चालली आहे आणि हिमोग्लोबिन कारण नसताना उतरतं आहे, असं दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "आतड्यात काही असेल का?"

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल नावाच्या प्रकारात आणखी एक दुर्मीळ गोष्ट होते. शरीराने कॅन्सरविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी आतड्याच्या नसांवर उलटतात. स्कॅनमध्ये अडथळा कुठेच दिसत नाही, तरी आतडं हलत नाही. ऑपरेशन करून इथे काही साधत नाही.

दुसरी वेळ, रक्तातलं कॅल्शियम वाढणं. कॅन्सर हाडांत गेलेला असेल किंवा स्क्वॅमस प्रकारचा असेल तर हे जास्त दिसतं. बद्धकोष्ठाबरोबर खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, मग सुस्ती आणि असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं मॉर्फिन जास्त झालं. एका साध्या रक्ततपासणीत हे कळतं. सलाईन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन दिल्यावर दोन-चार दिवसांत माणूस पुन्हा ओळख देऊ लागतो. म्हणून अशी सुस्ती दिसली की "कॅल्शियम तपासलं का?" हा प्रश्न विचाराच.

तिसरी, मणक्यातली नस दबणं. पाठीत नवीन किंवा वाढत जाणारी दुखणी, पाय जड पडणं, चालताना लटपटणं, बेंबीच्या खाली किंवा पायांत बधिरपणा, आणि लघवी-शौच एकतर अडणं किंवा कळतच नाही असं होणं. इथे तासांचा हिशेब असतो. चालता येत असताना स्टेरॉइड आणि रेडिएशन मिळालं तर बहुतेकांचं चालणं टिकतं. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं अवघड. शौचाचं औषध शोधत बसू नका. झोपवून, पाठ सरळ ठेवून, कॅन्सर हॉस्पिटलला न्या.

खरे जुलाब, आणि कुठल्या औषधाचे ते

हल्ली फुप्फुसाच्या कॅन्सरवर तीन तऱ्हेचे उपचार चालतात आणि तिन्हींचे जुलाब वेगळे.

टार्गेटेड गोळ्या, म्हणजे जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ॲफाटिनिब, ओसिमर्टिनिब. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेल्यांना या मिळतात. त्यांत कधीच सिगारेट न ओढलेल्या बायका कितीतरी असतात. ॲफाटिनिबने जवळपास प्रत्येकाला जुलाब होतात, बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत. इथे लोपेरामाइड योग्य औषध आहे आणि ते घरात आधीच आणून ठेवावं. साधारण पद्धत अशी: पहिल्या पातळ शौचानंतर ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसात १६ च्या वर नाही. तुमच्या पेशंटसाठीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन दिवसांत आवरलं नाही तर ॲफाटिनिब काही दिवस थांबवून कमी ताकदीची देतात, जसं ४० ऐवजी ३० मिलिग्रॅम. डोस कमी करतील या भीतीने जुलाब लपवणारे पेशंट मी पाहिले आहेत. त्याने मूत्रपिंड बिघडतं आणि मग गोळी पूर्णच थांबवावी लागते.

इम्युनोथेरपी, म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅबची इंजेक्शनं. यांत जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी मोठ्या आतड्यावरच हल्ला करते. हे जुलाब बहुधा पहिल्या काही महिन्यांत येतात, पण इंजेक्शन बंद होऊन महिने उलटल्यावरही येऊ शकतात. हाच धोका आहे. निवृत्त शिक्षक असलेल्या एका पेशंटचे उपचार कधीचे संपले होते. गावातल्या डॉक्टरांनी बाहेरचं खाल्लं असेल म्हणून अँटिबायोटिक दिलं, ते लागू पडेना. फाइलमधली जुनी चिठ्ठी मुलाने दाखवली तेव्हा उलगडा झाला, स्टेरॉइड सुरू झालं आणि आठवड्यात ते जेवायला बसले. नेहमीपेक्षा दिवसाला चार-सहा वेळा जास्त होत असेल तर त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, फोन. सात किंवा जास्त वेळा, रक्त, चिकट आव, पोटात कळ किंवा ताप असेल तर हॉस्पिटल. इथे स्वतःहून लोपेरामाइड देऊन वेळ काढू नका. वरून बरं दिसतं आणि आत आतडं सोलवटत राहतं. स्टेरॉइड सुरू झालं तर ते कित्येक आठवडे हळूहळू उतरवतात. "आता बरं आहे" म्हणून आपण थांबवलं की जुलाब परत येतात. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा: "इम्युनोथेरपी दिली आहे", औषधाचं नाव आणि शेवटची तारीख.

केमोचे जुलाब. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत जुलाब आणि १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप एकत्र आले तर सकाळची वाट पाहायची नाही, क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, थेट हॉस्पिटल. नुकतीच अँटिबायोटिक झाली असतील तर तेही सांगा. त्यानंतर होणारा आतड्याचा एक वेगळा जंतुसंसर्ग असतो आणि त्याची तपासणी वेगळी असते.

कुठलाही जुलाब असो, पाणी भरून काढणं आपल्या हातात आहे. ओआरएसची पुडी डब्ल्यूएचओच्या सूत्राची आहे असं पाहून घ्या आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा. मोठी पुडी एक लिटरला असते. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एकदम ग्लासभर देऊ नका, घोट घोट द्या. खायला भाताची पेज, मऊ मूगडाळ-भात, केळं, शिजवलेलं सफरचंद. दूध आणि तिखट-तळलेलं काही दिवस बाजूला. पेशी कमी असताना बाहेरचं ताक, चिरून ठेवलेली फळं, उसाचा रस नको.

मागची त्वचा फार लवकर सोलवटते. कागदाने पुसू नका. कोमट पाण्याने धुवा, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपा, झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. डायपर ओला झाला की बदला, पैसे वाचवायला दिवसभर ठेवू नका. त्यापेक्षा जुनी चादर आणि मेणकापड बरं.

रक्त आणि अचानक पोटदुखी

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतं, बीटाने लालसर. खरं रक्त वरून आलेलं असेल तर शौच डांबरासारखं काळं, चिकट, आणि वास असा की खोलीत शिरताच कळतं. हाडदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अशी जोडी चालू असेल तर अल्सर होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. पोटाच्या संरक्षणाची गोळी दिली आहे का बघा, आणि दुकानातून आणखी पेनकिलर आणू नका.

आतड्याला भोक पडलं तर पोटात अचानक असह्य दुखतं, पोट कडक होतं, पेशंट हातही लावू देत नाही, घाम फुटतो. पण स्टेरॉइड चालू असलेल्यांत या खुणा दबून जातात. पोट मऊच लागतं, फक्त नाडी जोरात चालते आणि माणूस "बरं वाटत नाही" म्हणत राहतो. डेक्सामेथासोन चालू असताना नवीन पोटदुखी सुरू झाली, तर ती कमी वाटली तरी त्याच दिवशी दाखवा. बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शन मिळालेल्यांनी आणि एर्लोटिनिब घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायचं.

अडथळा आहे, आणि ऑपरेशन होण्यासारखं नाही

असं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांना वाटतं आता करण्यासारखं काही उरलं नाही. तसं नसतं. हायोसिन ब्यूटिलब्रोमाइडने कळा थांबतात, हॅलोपेरिडॉलने मळमळ, ऑक्ट्रिओटाइडने आतड्यात साठणारं पाणी कमी होतं, डेक्सामेथासोनने सूज. हे सगळं त्वचेखाली लावलेल्या लहानशा सुईतून देता येतं. शिरा शोधत टोचत बसावं लागत नाही. नर्सने शिकवलं की मुलं-सुना हे उत्तम करतात. उलट्या फारच असतील तर नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, पण कायम नळी ठेवण्याआधी पेशंटला विचारा. दिवसात एखादी उलटी होऊ दे पण नळी नको, असं म्हणणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं म्हणणं मानायला हवं.

अशा पेशंटला जबरदस्तीने भरवू नका. चमचाभर चहा, शहाळ्याचं पाणी, आंब्याच्या दिवसांत जिभेवर रसाची चव, एवढं पुरेसं असतं. पोटात नाही राहिलं तरी तोंडाला सुख मिळतं. दर दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठांना तूप लावा. घरी झेपत नसेल तर पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, मुंबईत वांद्र्याचं १९८६ पासूनचं शांती आवेदना सदन अशा जागा याच कामासाठी आहेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही वेगळा पॅलिएटिव्ह विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे हात टेकणं नव्हे.

फोनवर काय सांगायचं

"पोट बिघडलंय" एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. वही हातात घेऊन सांगा: शेवटचं शौच कधी, कसं, वारा सरतो का, उलटी किती वेळा, कुठल्या रंगाची, ताप किती, दुखतं ते सतत की कळा येऊन, पाय हलतात का, लघवी होते का, शेवटची केमो किंवा इंजेक्शन कुठल्या तारखेचं, मॉर्फिन, स्टेरॉइड, पेनकिलर काय चालू आहे. एवढं ऐकलं की रात्री दोन वाजताही मला सांगता येतं की बत्ती लावून सकाळपर्यंत थांबायचं की आत्ता गाडी काढायची.

अगदी शेवटच्या दिवसांत, गिळणं बंद झाल्यावर, तोंडाने द्यायची पोटाची औषधं थांबवायची असतात, आणि शौचाला झालं नाही म्हणून एनिमाचा आग्रह धरायचा नसतो. पण पेशंट तळमळत असेल, सारखा कूस बदलत असेल, पांघरूण ओढत असेल, तर ते दरवेळी मनाचं किंवा मेंदूचंच असतं असं नाही. भरलेलं मूत्राशय किंवा खाली अडकलेला मळ हीसुद्धा कारणं असतात. झोपेचं इंजेक्शन वाढवण्याआधी नर्सला हे दोन्ही तपासायला सांगा.